देणगी कुणासाठी?

मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडचे मागी, म्हणजे ज्ञानी पुरुष, बाळ येशूपुढे सोने, ऊद आणि गंधरस ठेवतात. ते किती जण होते हे मत्तय सांगत नाही; भेटी तीन म्हणून माणसेही तीन, हा हिशेब नंतरच्या लोकांनी मांडला. ख्रिस्ती श्रद्धेच्या लेखी मात्र नाताळची मुख्य भेट या वस्तूंत नाहीच. ते मूल हीच भेट, आणि ती न मागता, न कमावता मिळालेली. मग तिचे करायचे काय? प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो त्याचा मथितार्थ असा, की ज्याला जे कृपादान मिळाले ते सगळ्यांच्या हितासाठी. बुद्धी असो, वाणी असो, आजार बरे करण्याचे सामर्थ्य असो, माणूस त्याचा मालक नव्हे, कारभारी.

वाचायला हे सोपे आहे. नागपुरात मात्र त्याची चांगलीच परीक्षा झाली.

स्कॉटलंडहून स्टीफन हिस्लॉप 1845मध्ये इथे आले ते धर्मप्रचारासाठी. त्यांनी शाळा काढली. हिस्लॉप कॉलेजचे मूळ तिच्यात आहे. पण या पाळकाचा जीव दगडांतही तितकाच रमे. नागपूरच्या आसपासचे जीवाश्म त्यांनी गोळा केले, गोंडांची गाणी टिपून घेतली. 1863मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना ते पुरात बुडाले. गोंडांविषयीची त्यांची टिपणे पुढे 1866मध्ये छापली गेली. आज ती वाचणाऱ्याला प्रचाराशी काही देणेघेणे असतेच असे नाही.

मिशनऱ्यांच्या शाळा आणि दवाखाने खरोखर देणगी होते की गळाला लावलेले आमिष, हा प्रश्नही याच शहरात सरकारी पातळीवर विचारला गेला. नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असताना नेमलेल्या नियोगी समितीने 1956च्या अहवालात मिशनऱ्यांच्या सेवाकार्यामागच्या हेतूवर कडक ठपका ठेवला. अहवालावर वाद झाला, आजही होतो. (समितीचे अध्यक्ष भवानीशंकर नियोगी यांनी त्याच वर्षी बाबासाहेबांबरोबर बौद्ध धम्म स्वीकारला, हे सहसा कुणाच्या ध्यानात नसते.) समितीचे सगळे निष्कर्ष मान्य नसले तरी मूळ प्रश्न मला रास्त वाटतो. ज्या देणगीच्या बदल्यात काही वसूल करायचे, तिला पौलही कृपा म्हणणार नाही.

आता एक अवघड उदाहरण. 1893च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या कवी नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. देणाऱ्याचा हेतू उघड होता. तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्याने केले. 1895मध्ये मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला, म्हणजे हेतू सफळच झाला म्हणायचा. पण पुढचे त्या प्रवाशाच्या हिशेबात बसणारे नव्हते. मिशनच्या उपासनेत इंग्रजी चालींवर बेतलेली गीते चालत; तिथे टिळकांनी अभंग आणि भजने आणली, शंभरावर रचली. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. 1917मध्ये तर त्यांनी मिशनची चाकरीही सोडली.

त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले. 1919मध्ये टिळक गेल्यावर ते पुढे नेले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, ज्या लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकल्या होत्या आणि नवऱ्याच्या धर्मांतराने कोलमडून काही वर्षे त्याच्यापासून दूर राहिल्या होत्या.