माटुंग्याच्या टाकीतला वायू

बायोगॅसच्या इतिहासावरच्या अनेक पुस्तकांत पहिल्या काही पानांतच मुंबई भेटते. १८५९ साली माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत जगातलं पहिलं संयंत्र उभं राहिलं, असं ती सांगतात. एकाने लिहिलं, दुसऱ्याने उचललं, तिसऱ्याने दुसऱ्याचा हवाला दिला. अडचण एवढीच, की १८५९ मध्ये ही वसाहतच नव्हती. ती सुरू झाली १८९० मध्ये.

ती उभारली मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट ॲक्वर्थ यांनी. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह १८९१ मध्ये ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हा संग्रह काढणारे ॲक्वर्थ ते हेच. १८८९ मध्ये मोलोकाई बेटावर कुष्ठरुग्णांची सेवा करणारे फादर डेमियन त्याच रोगाने वारले आणि ब्रिटिश साम्राज्यात या रोगाची धास्ती वाढली. मुंबईच्या रस्त्यांवरचे निराधार रुग्ण तेव्हाच्या शहराबाहेर, माटुंग्याला हलवण्यासाठी लोकवर्गणी जमली. त्या देण्यात करुणा होती, पण नजरेआड करण्याची घाईही काही कमी नव्हती, असं मला वाटतं.

शेकडो माणसांची वस्ती म्हणजे एक लहानसं गावच. तिचा मैला जाणार कुठे? हा प्रश्न महापालिकेचे ड्रेनेज इंजिनिअर सी. कार्किट जेम्स यांच्याकडे आला. इंग्लंडातल्या एक्झेटर गावी डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५ मध्ये सेप्टिक टँक बांधून तिच्यातल्या वायूवर दिवे लावले होते. माटुंग्यातल्या टाक्यांवर वायू गोळा करण्याची सोय झाल्याची नोंद १८९७ सालची आहे. पुढे त्या वायूवर इंजिनही चालवलं गेलं.

इथे मुंबईची हवा जेम्स यांच्या मदतीला आली. बंद टाकीत हवा लागत नाही, तिथे जिवाणू मैला कुजवतात आणि शेवटी मिथेन तयार होतो. हे जिवाणू साधारण ३५ अंश सेल्सिअसला जोमात असतात. थंड मुलखात टाकीला ऊब द्यावी लागते, मुंबईत ती फुकट मिळते. मात्र टाकीतून पुढे जाणारं पाणी पुरतं स्वच्छ नसतं. माटुंग्यात ते शेतीला दिलं जाई. म्हणजे नत्र आणि स्फुरद खाडीत जाण्याऐवजी पिकाकडे, आणि वायू इंजिनाकडे. जेम्स यांनी आपला अनुभव ‘ओरिएंटल ड्रेनेज’ (१९०२) या पुस्तकात मांडला. विलायतेतली गटारव्यवस्था जशीच्या तशी इकडे आणून भागणार नाही, हे त्यांना कळलं होतं.

ते संयंत्र कधीच बंद पडलं. त्या वसाहतीचं रुग्णालय आजही वडाळ्यात आहे आणि ॲक्वर्थ यांचंच नाव चालवतं. संयंत्राचं पर्यावरणातलं काम मात्र त्याच्या काळात कुणी मोजलंच नाही, कारण तेव्हा काळजी होती ती दुर्गंधीची आणि रोगराईची. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो, हे गणित खूप नंतर आलं. जाळला की त्याचा बहुतेक जोर जातो. माटुंग्याचं इंजिन नकळत हेच करत होतं.

पुढे हा धागा महाराष्ट्रात खेड्यांनी उचलला. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं खत केलं. देहूत डॉ. एस. व्ही. मापुस्कर यांनी संडास बायोगॅसला जोडले. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. तांत्रिक अडचणी सुटत होत्या. मैल्याच्या गॅसवर भाकरी भाजायची, हे घरच्यांना पटवणं जास्त अवघड. (शेणाच्या गॅसला कुणी नाक मुरडत नाही, हेही पाहण्यासारखं.)

आणि शहरं? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार महाराष्ट्राच्या शहरांत रोज ९,१०७ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि त्यातल्या ४,२४२ दशलक्ष लिटरवर प्रत्यक्ष प्रक्रिया होते. उरलेलं नाल्यांत, नद्यांत आणि खाड्यांत जातं. तिथल्या काळ्या पाण्यातून बुडबुडे येतात, त्यांत जेम्स यांनी टाकीत धरला होता तोच वायू असतो.