सॉफ्टबॉलमधील पिचरचे संरक्षण

सॉफ्टबॉलमधील पिचरचे संरक्षण या विषयात लाइन ड्राइव्हमुळे पिचरला होऊ शकणाऱ्या दुखापती टाळण्याचे नियम, साधने आणि सरावपद्धती यांचा समावेश होतो. बॅटने टोलवलेला चेंडू जमिनीला न टेकता जवळजवळ सरळ रेषेत वेगाने जातो, तेव्हा त्या फटक्याला लाइन ड्राइव्ह म्हणतात. पिचर बॅटरच्या समोर व कमी अंतरावर उभा असल्याने असा चेंडू त्याच्या चेहऱ्यावर, डोक्यावर किंवा छातीवर आदळू शकतो. शालेय वयोगटातील खेळाडूंसाठी हा धोका विशेष महत्त्वाचा मानला जातो.

पार्श्वभूमी

सॉफ्टबॉलचा उगम १८८७ साली अमेरिकेतील शिकागो येथे बंदिस्त जागेत खेळण्याच्या खेळातून झाला. नावात ‘सॉफ्ट’ असले तरी आजचा चेंडू मऊ नसतो. प्रमाण चेंडूचा परीघ सुमारे १२ इंच आणि वजन १७८ ते १९८ ग्रॅम असते. पुरुषांच्या क्रिकेटचा चेंडू १५५.९ ते १६३ ग्रॅमचा असतो, म्हणजे सॉफ्टबॉलचा चेंडू त्याहून जड आहे.

अंतराची तुलनाही बोलकी आहे. क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मीटर लांब असते. बेसबॉलमध्ये पिचर १८.४४ मीटरवर उभा असतो. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये हे अंतर ४३ फूट (१३.११ मीटर) आणि पुरुषांच्या खेळात ४६ फूट (१४.०२ मीटर) आहे. लहान वयोगटांत ते आणखी कमी ठेवले जाते.

धोक्याचे स्वरूप

पिचर हात खालून गोल फिरवून चेंडू टाकतो आणि त्याच वेळी एक लांब पाऊल पुढे टाकतो. त्यामुळे चेंडू हातातून सुटल्यावर तो बॅटरपासून सुमारे ११ ते ११.५ मीटरवरच असतो. या क्षणी शरीराचा भार पुढे झुकलेला असतो आणि ग्लोव्ह अनेकदा चेहऱ्यापासून दूर असतो.

अमेरिकेतील एका प्रचलित मानकानुसार सॉफ्टबॉलच्या बॅटची चाचणी घेताना टोलवलेल्या चेंडूच्या वेगाची मर्यादा ताशी ९८ मैल (सुमारे १५८ किलोमीटर) धरली जाते. या वेगाचा चेंडू ११.३ मीटर अंतर सुमारे ०.२६ सेकंदात कापतो. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या फटक्यालाही ०.४१ सेकंदच लागतो. एखादी गोष्ट दिसल्यावर हालचाल सुरू करण्यासच प्रौढ व्यक्तीला साधारण ०.२ सेकंद लागतात. मुलांना त्याहून अधिक वेळ लागतो. चेंडूची दिशा ओळखणे आणि ग्लोव्ह योग्य जागी नेणे यासाठी लागणारा वेळ वेगळाच. त्यामुळे जोरदार लाइन ड्राइव्हपासून बचाव हा केवळ चपळाईचा किंवा धैर्याचा प्रश्न राहत नाही. उत्तम क्षेत्ररक्षण करणाऱ्या पिचरलाही काही फटके अडवता येत नाहीत.

दुखापतींचे प्रकार

चेहऱ्यावर चेंडू लागल्यास नाकाचे, गालाचे, जबड्याचे किंवा डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडू शकते, दात निखळू शकतात आणि दृष्टीला कायमची इजा होऊ शकते. डोक्याला मार लागल्यास मेंदूला हादरा बसतो किंवा कवटीच्या आत रक्तस्राव होतो.

छातीवर हृदयाच्या जागी, हृदयाच्या ठोक्याच्या विशिष्ट क्षणी चेंडू आदळल्यास हृदयाची लय अचानक बिघडून ते बंद पडू शकते. या स्थितीला कमोशिओ कॉर्डिस म्हणतात. ती दुर्मिळ आहे, तथापि हृदय निरोगी असतानाही उद्भवते. मुलांच्या छातीचा पिंजरा लवचीक असल्याने ती किशोरवयात अधिक आढळते.

संरक्षक साधने

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बॅटरला हेल्मेट आणि कॅचरला मुखरक्षक व छातीचे कवच वापरावे लागते. क्षेत्ररक्षकाने, म्हणजे पिचरनेही, मुखरक्षक वापरण्यास मुभा आहे.

पिचरचा मुखरक्षक धातूच्या सळ्यांचा किंवा टणक प्लास्टिकचा असतो. तो डोळे, नाक, गाल आणि जबडा झाकतो. तो सैल असल्यास आघाताच्या वेळी सरकतो व सळी चेहऱ्याला लागते. म्हणून एकच मुखरक्षक अनेक खेळाडू वापरत असतील, तर प्रत्येक वेळी पट्टे नव्याने बसवावे लागतात. मुखरक्षकाने डोक्याच्या बाजूचे व मागचे संरक्षण होत नाही. दातांसाठी माउथगार्ड वापरला जातो. साधे छातीचे कवच हाडांचे रक्षण करते, परंतु प्रत्येक कवच कमोशिओ कॉर्डिस टाळतेच असे नाही. त्यासाठी अमेरिकेत वेगळे मानक ठरवण्यात आले आहे.

मुखरक्षकामुळे दृष्टी अडते, असा आक्षेप घेतला जातो. सरावाच्या पहिल्या दिवसापासून तो वापरल्यास ही अडचण बहुतांशी सवयीने दूर होते. केवळ सामन्याच्या दिवशी घातल्यास ती जाणवते.

चेंडू आणि बॅट

शिकाऊ खेळाडूंसाठी कमी कठीण चेंडू मिळतात. त्यांनी आघाताची तीव्रता घटते. बॅटच्या बाबतीत तिची मान्यता तपासणे महत्त्वाचे असते. अनेक थरांच्या कॉम्पोझिट बॅट वापराने अधिक उसळी देऊ लागतात. त्यात मुद्दाम फेरफार करण्यास नियमांनी बंदी आहे.

सरावातील खबरदारी

सरावात एकामागून एक अनेक चेंडू टोलवले जातात, त्यामुळे पिचरसमोर सामन्यापेक्षा अधिक फटके येतात. फलंदाजीच्या सरावासाठी इंग्रजी ‘एल’ आकाराची संरक्षक जाळी वापरतात. तिच्या मोकळ्या भागातून चेंडू टाकून पिचर लगेच जाळीआड होतो. लोखंडी पाइपची चौकट आणि मजबूत नायलॉनची जाळी यांपासून ती स्थानिक वेल्डिंगच्या दुकानातही बनवून घेता येते. जाळी आघाताने मागे ताणली जाते, म्हणून पिचरने तिला चिकटून उभे राहू नये. गाठी सुटलेली किंवा उन्हाने विरलेली जाळी बदलावी.

पिचरने प्रत्येक चेंडूनंतर तोल सावरून बॅटरकडे तोंड करणे आणि ग्लोव्ह छातीसमोर आणणे हा सरावाचा भाग असतो. मैदानावर एका वेळी एकच चेंडू खेळात ठेवणे आणि लहान पिचरसमोर मोठ्या वयोगटातील बॅटर न उभा करणे हे नियमही उपयुक्त ठरतात.

प्रथमोपचार

डोक्याला मार लागल्यावर गोंधळ, उलटी, चक्कर, तीव्र डोकेदुखी किंवा विस्मरण दिसल्यास खेळाडूला त्या दिवशी पुन्हा खेळवत नाहीत व डॉक्टरांकडे नेतात. जखमी डोळ्यावर दाब देऊ नये. निखळलेला कायमचा दात मुळाला स्पर्श न करता उचलून दुधात ठेवावा व तातडीने दंतवैद्याकडे जावे. छातीवर चेंडू लागून खेळाडू कोसळल्यास आणि त्याचा श्वास थांबल्यास लगेच छातीवर दाब देणे सुरू करावे, तसेच हृदयाला विद्युत झटका देणारे यंत्र उपलब्ध असल्यास वापरावे. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

उल्लेखनीय घटना

७ मे १९५७ रोजी अमेरिकन बेसबॉलपटू हर्ब स्कोअर या पिचरच्या डोळ्यावर लाइन ड्राइव्ह आदळला. जुलै २००७ मध्ये माइक कूलबॉ या बेस प्रशिक्षकाचा अशाच फटक्याने मृत्यू झाला. त्यानंतर अमेरिकेच्या प्रमुख बेसबॉल लीगने २००८ पासून बेस प्रशिक्षकांना हेल्मेट सक्तीचे केले. भारतीयांना परिचित असलेली समांतर घटना क्रिकेटमधील आहे. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाका येथे हेल्मेटविना फॉरवर्ड शॉर्ट लेगवर उभे असलेले रमण लांबा यांच्या डोक्याला टोलवलेला चेंडू लागला आणि २३ फेब्रुवारी रोजी त्यांचे निधन झाले. अल्प अंतरावर अनुभवही पुरेसा ठरत नाही, हे या घटनांतून स्पष्ट होते.

वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या वाशिम जिल्ह्यात वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा हे सहा तालुके आहेत. महाराष्ट्रातील शालेय सॉफ्टबॉल स्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील गटांत होतात. जिल्ह्यातील विजेता संघ अमरावती विभागात अकोला, अमरावती, बुलढाणा व यवतमाळ येथील संघांशी खेळतो आणि तेथून राज्य स्तरावर जाता येते. प्रत्येक टप्प्यावर बॅटर अधिक ताकदीचे असतात, मात्र पिचरचे अंतर तेच राहते.

शाळेकडे साहित्याचा एकच सामायिक संच असेल, तर नियमाने आवश्यक असलेली हेल्मेट व कॅचरची साधने आधी घेतली जातात आणि पिचरचा मुखरक्षक मागे पडतो. मर्यादित खर्चात एक योग्य मापाचा मुखरक्षक, सरावासाठी एक जाळी आणि प्रथमोपचार जाणणारा एक शिक्षक मैदानावर असणे ही प्राथमिक तयारी ठरते. टेनिस चेंडूऐवजी कठीण चेंडूने क्रिकेट खेळताना सरळ फटक्यासमोर येणाऱ्या गोलंदाजालाही यातील बऱ्याच गोष्टी लागू पडतात.