व्हिनेगर : जमेची बाजू आणि नावेची बाजू

चातुर्मास सुरू झाला की आपल्या बहुतेक घरांत पाणी उकळण्याचे पातेले दिवसातून दोनदा तरी गॅसवर चढते. घरात कुणाची तपश्चर्या असेल तर तीनदाही. आठ-दहा दिवसांत त्या पातेल्याच्या तळाशी आणि कडेला पांढरी, खरखरीत खपली धरते. पुढे ती इतकी घट्ट होते की तारेच्या घासणीनेही निघत नाही. घासणी झिजते, पातेल्यावर ओरखडे उठतात, आणि त्या ओरखड्यांत पुढचा थर अधिकच चिकटून बसतो. हा थर उष्णतेला अडवतो, म्हणून तेवढेच पाणी उकळायला गॅसही जास्त लागतो. घरखर्चाच्या वहीत या गळतीचे स्वतंत्र खाते कुणी उघडत नाही, म्हणून ती दिसत नाही एवढेच.

आष्टीकरांना या खपलीची ओळख करून देण्याची गरज नाही. (आष्टी म्हणजे परतूर तालुक्यातील आपली आष्टी. बीड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव वेगळे. टपालाच्या आणि बँकेच्या कामात हा घोळ नेहमीचाच.) १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला आणि परतूर तालुका परभणीतून जालन्यात आला, पण जमिनीखालचा काळा कातळ तोच राहिला. या कातळाच्या भेगांतून झिरपणारे पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेऊन बोअरमध्ये येते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम असून, दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. पाणी उकळले की या क्षारांपैकी काही भाग पाण्यात विरघळलेला राहू शकत नाही. तो चुनखडीच्या रूपाने तळाशी बसतो. पातेल्यातील खपली म्हणजे हीच चुनखडी.

चुनखडीला खरवडण्याची गरज नसते. तिला आंबट पदार्थ पुरेसा असतो. व्हिनेगर, म्हणजे आपल्याकडील जुन्या बोलीतला शिरका, हे ॲसेटिक आम्लाचे पातळ द्रावण होय. ते खपलीवर पडले की बारीक बुडबुडे येतात, कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि उरलेला क्षार पाण्यात विरघळतो. पातेल्यात खपली बुडेल इतके व्हिनेगर आणि तेवढेच पाणी घालून ते कोमट करावे, तासभर तसेच ठेवावे, मऊ कापडाने पुसावे आणि दोन-तीनदा स्वच्छ धुवावे. घासणीचे काम उरत नाही.

येथे आपल्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो, आणि तो निघायलाही हवा. व्हिनेगर आंबवून करतात. मग ते घरात आणावे का? उत्तर बाटलीवर लिहिलेले असते. नैसर्गिक व्हिनेगर फळांच्या किंवा उसाच्या रसापासून होते. रसाचे आधी मद्य होते आणि मग जिवाणू त्या मद्याचे आम्ल करतात. सफरचंदाचे जे महागडे व्हिनेगर सध्या वजन कमी करण्यासाठी घरोघरी शिरले आहे, ते याच प्रकारचे. आहारात अभक्ष्याचा विचार करणारे ते टाळतात, आणि भांडी स्वच्छ करण्यासाठी ते वापरणे तर पैशाचीच नासाडी आहे. किराणा दुकानात मिळणारे स्वस्त पांढरे व्हिनेगर मात्र बहुधा ‘सिंथेटिक’ असते. ॲसेटिक आम्लात पाणी मिसळून ते तयार करतात, आणि तसे लेबलवर स्पष्ट छापणे अन्नसुरक्षा नियमांनुसार बंधनकारक आहे. त्यात आम्लाचे प्रमाण किमान ३.७५ टक्के असावे लागते. आता हे आम्ल कुठून येते? गुजरातमधील भरूचच्या कारखान्यात ते मिथेनॉलपासून होते, तर काही कारखाने उसाच्या मळीतून निघालेल्या अल्कोहोलपासून ते करतात. बाटलीवर एवढा तपशील मिळत नाही. खाण्यासाठी वापरावे की नाही, हे ज्याने त्याने आपल्या नियमांनुसार आणि महाराजसाहेबांना विचारून ठरवावे. माझा विषय भांडी आणि नळ यांच्यापुरताच आहे.

आता हिशेब. एम.कॉम.च्या अभ्यासात परिव्यय लेखांकन शिकलो आणि बँकेत पस्तीस वर्षे इतरांचे ताळेबंद वाचले. त्यामुळे कुठल्याही ‘घरगुती उपाया’ची स्तुती ऐकली की तोच उपाय याहून स्वस्तात होतो का, असा प्रश्न आधी मनात येतो. व्हिनेगरला येथे खरा स्पर्धक आहे, आणि तो आपल्याच दुकानातल्या बरणीत बसलेला असतो : लिंबाचे फूल, म्हणजे सायट्रिक आम्ल. ४ टक्के आम्लाचे एक लिटर व्हिनेगर कागदोपत्री सुमारे ३३ ग्रॅम चुनखडी विरघळवते. तेवढेच काम करायला लिंबाचे फूल सुमारे ४७ ग्रॅम लागते.

समजा, घरात रोज दहा लिटर पाणी उकळते आणि त्यातून लिटरला ३०० मिलिग्रॅम क्षार बाहेर पडतो. म्हणजे रोज ३ ग्रॅम, महिन्याला ९० ग्रॅम. त्यातला तिसरा हिस्सा भांड्याला चिकटला असे धरले, तरी महिन्याला ३० ग्रॅम खपली झाली. ती काढायला जवळपास लिटरभर व्हिनेगर लागेल. लिटरला ६० रुपये धरले तर चातुर्मासाच्या चार महिन्यांचे २४० रुपये झाले. लिंबाचे फूल किलोला २०० रुपये धरले, तर तेच काम ४० रुपयांच्या आत होते. भाव मी केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. आपण व्यापारी माणसे. आपल्या दुकानातला आजचा भाव घालून हा हिशेब पुन्हा करावा. आकडे बदलतील, पण पारडे कुणीकडे झुकते ते बदलणार नाही.

लिंबाच्या फुलालाही दोन पथ्ये आहेत. ते घालून पाणी उकळू नये, कोमटच ठेवावे आणि पाणी भरपूर घ्यावे. नाहीतर त्याचाच एक पांढरा क्षार नव्याने तळाशी बसतो. दुसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. नावात लिंबू असले तरी कारखान्यात हे आम्ल लिंबापासून होत नाही. साखरेच्या किंवा मळीच्या द्रावणावर एक प्रकारची बुरशी वाढवून ते काढतात. आंबवण्याचा विचार व्हिनेगरच्या बाबतीत करायचा असेल, तर तो येथेही करावा लागेल. सिंथेटिक व्हिनेगरवर नाक मुरडणारी मंडळी लिंबाचे फूल बिनदिक्कत वापरतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

मग व्हिनेगर कुठे उजवे ठरते? जिथे भांडे बुडवता येत नाही, जिथे पटकन वाळावे आणि मागे डाग राहू नये, तिथे. दुकानाचा काचेचा काउंटर, कपाटाचा आरसा, फ्रिजचे आतले कप्पे, ही त्याची खरी जागा. एक भाग व्हिनेगर आणि तीन-चार भाग गाळलेले पाणी फवाऱ्याच्या जुन्या बाटलीत भरावे, फवारावे आणि जुन्या वर्तमानपत्राने पुसावे. रंगीत काच-क्लीनरच्या बाटलीपेक्षा हे कितीतरी स्वस्त पडते. वास थोडा वेळ राहतो. तो नको असेल तर मोसंबीच्या साली आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवून गाळून घ्याव्यात. जालना जिल्ह्यात मोसंबीच्या सालींची वाण पडणार नाही. मुंग्यांच्या रांगेचा माग या पाण्याने पुसला तर त्यांचा वास-मार्ग तुटतो आणि त्या वाट बदलतात. फवारणी मात्र मुंग्यांवर करायची नाही. त्या निघून गेल्यावर ओटा पुसायचा. खडू आणि पावडरीपेक्षा यात जयणा अधिक आहे.

तांब्या-पितळेसाठी व्हिनेगर विकत आणायची गरज मला दिसत नाही. आमटीसाठी चिंच कोळल्यावर उरलेला चोथा आणि चिमूटभर मीठ हे काम फुकटात करते. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक कळकते हे आजीने सांगितलेले असते, व्हिनेगरचेही तसेच. तांब्याशी त्याचा फार वेळ संपर्क आला तर विषारी हिरवे जंगाल धरते. म्हणून कुठलेही आंबट लावले की लगेच धुऊन, पुसून कोरडे करावे.

नावेच्या बाजूला सर्वांत मोठी रक्कम आहे ती फरशीची. मोबाइलवर फिरणाऱ्या उपायांमध्ये ‘व्हिनेगर घातलेल्या पाण्याने फरशी पुसा’ हा उपाय हमखास असतो. ज्या देशांतून तो आला तिथल्या घरांत कदाचित लाकडी किंवा चिनीमातीची जमीन असेल. आपल्या जुन्या वाड्यांत आणि दुकानांत मात्र शहाबादी फरशी आहे. शहाबाद कलबुर्गी जिल्ह्यात. एके काळी तेही आपल्याप्रमाणेच निजामाच्या राज्यात होते, आणि तिथला दगड मराठवाड्याच्या घरोघरी पोहोचला. हा दगड म्हणजे चुनखडकच. कोट्याची फरशी तीच, आणि देवघराचा मकराना संगमरवरही रसायनाच्या दृष्टीने त्याच कुळातला. पातेल्यातील खपलीला जे व्हिनेगर विरघळवते, ते या दगडालाही विरघळवते. एकदा पुसून काही दिसत नाही. वर्षभर रोज पुसले की झिलई जाते, दगड खरबरीत होतो, त्यात मळ बसतो. मग पॉलिशवाला बोलवावा लागतो आणि तो चौरस फुटाच्या दराने पैसे घेतो. दहा-वीस रुपयांच्या बचतीपायी हजारोंचे नुकसान यालाच म्हणतात. देवघराचा संगमरवर, मंदिराच्या पायऱ्या, मोझॅक टाइल्स यांच्या जवळपासही आंबट काही आणू नये. तिथे साधे गाळलेले पाणी आणि मऊ कापड पुरे. आपली फरशी कोणत्या जातीची याची खात्री नसेल तर कपाटाखालच्या कोपऱ्यात व्हिनेगरचा एक थेंब टाकून पाहावा. बुडबुडे आले तर समजावे, आणि तो थेंब लगेच धुऊन टाकावा.

काही गोष्टी थोडक्यात. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र केला की फेस खूप येतो, पण दोघे एकमेकांना निष्प्रभ करतात. फेसाला भुलून दोन पुड्यांचे पैसे पाण्यात जातात. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचच्या कुठल्याही द्रावणात व्हिनेगर कदापि मिसळू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. नव्या सुती साडीचा रंग व्हिनेगरने पक्का होतो, ही समजूत चुकीची आहे. कापडाचा धंदा असणाऱ्यांनी तरी गिऱ्हाइकाला तसे सांगू नये. जरीलाही ते लावू नये. आणि घाऊक स्वस्त पडते म्हणून रसायनांच्या दुकानातून तीव्र ॲसेटिक आम्लाचा कॅन आणण्याचा मोह कुणाला होत असेल, तर तो आवरावा. ते कातडी भाजते, आणि सुमारे ३९ अंश तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतही पारा त्यापुढे जातो. न्हाणीघरासाठी सुटे ‘ॲसिड’ विकत घेण्याची जुनी सवयही अशीच सोडण्यासारखी आहे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले ते उगीच नव्हे.

पाणी तापवण्याचा रॉड वर्षातून दोनदा तरी सोडवून घ्यावा. प्लग काढून, रॉड पूर्ण थंड झाल्यावर, त्याचे फक्त वेटोळे उभ्या भांड्यातील व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या फुलाच्या पाण्यात तास-दोन तास बुडवावे. वरचा जोड भिजू देऊ नये. शॉवरची चाळणी निघत नसेल तर व्हिनेगर भरलेली प्लास्टिकची पिशवी तिच्याभोवती रबराने बांधून ठेवावी. येथे मात्र व्हिनेगर लिंबाच्या फुलाहून सोयीचे; ते विरघळवत बसावे लागत नाही.

राहिला कूलर. उन्हाळाभर तो बोअरचे पाणी पितो आणि ते वाफ होऊन उडते. क्षार मागे राहतो, जाळीवर, पंपात, टाकीच्या तळाशी. टाकी जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची असेल तर तीत व्हिनेगर ओतू नये. आम्लाने मुलामा जातो आणि पुढच्या हंगामात पत्रा गंजून गळू लागतो. दर आठवड्याला टाकीतले उरलेले पाणी काढून नवे भरणे हाच तिथे उपाय, आणि त्याला खर्च नाही. पंप मात्र सोडवता येतो. जून महिन्यात कूलर बंद करताना प्लग काढावा, पंपाची चाळणी आणि पंखा सुटा करून प्लास्टिकच्या बादलीत निम्म्या पाण्याच्या व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवावा. सकाळी ब्रशने झाडून जोडावा, साध्या पाण्यात बुडवून पाच मिनिटे चालवावा आणि पूर्ण कोरडा झाल्यावरच माळ्यावर ठेवावा.