कंबरदुखीवर उलटे टेबल : घेण्यापूर्वी विचार करा



गेल्या खरिपात सोयाबीनच्या प्रात्यक्षिक प्लॉटवर शिवारफेरी आटोपल्यावर एका बागायतदारांनी मला बाजूला घेतले. "सर, ते उलटे लटकायचे टेबल येते, ते घेऊ का? पोराने मोबाईलवर दाखवले. मणके मोकळे होतात म्हणतात." वय साठीच्या पुढे, रक्तदाबाची गोळी चालू. मी कृषिविद्येचा माणूस, डॉक्टर नव्हे. त्यांना त्या दिवशी नीट उत्तर देता आले नाही. कंबरदुखी मात्र माझ्या ओळखीची आहे. पदव्युत्तर शिक्षणाच्या प्रयोगात ज्वारीच्या ओळींतून वाकून नोंदी घेताना ती लागली, ती आजतागायत अधूनमधून भेटायला येते. म्हणून या विषयावरचे वाचन केले, जाणकारांना विचारले. त्यातून जे समजले ते येथे देत आहे.

आपल्या कण्यातील दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते. बाहेरून चिवट तंतूंचे वेष्टण आणि आत पाणी धरून ठेवणारा मऊ गर, अशी तिची रचना असते. दिवसभर शरीराचे ओझे पडून तिच्यातील थोडे पाणी बाहेर जाते. रात्री आडवे झाल्यावर भिजत घातलेल्या हरभऱ्याप्रमाणे ती पुन्हा पाणी ओढून फुगते. यामुळेच सकाळी माणसाची उंची संध्याकाळपेक्षा एक ते दीड सेंटिमीटर जास्त भरते. स्वीडनमधील डॉ. आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात चकतीत सुई घालून दाब मोजले. उभे असतानाचा दाब १०० धरला तर उताणे झोपल्यावर तो २५ च्या आसपास येतो आणि उभ्याने पुढे वाकल्यावर १५० पर्यंत जातो, असे त्यांना आढळले.

उलट्या टेबलामागील कल्पना याच दाबाशी निगडित आहे. या टेबलावर घोटे अडकवून पाठीवर झोपतात आणि फळी मधल्या आसावर फिरवून डोके खाली, पाय वर करतात. त्यामुळे कमरेवरील भागाचे वजन कण्याला दाबण्याऐवजी ताणते. १९८० च्या सुमारास अमेरिकेत घोट्याला बूट बांधून दांड्याला उलटे लोंबकळण्याची लाटच आली होती. टेबल हे त्याचे जरा सोयीचे रूप होय.

ताण किती बसतो, हे शेताच्या उताराच्या हिशेबाने समजेल. सत्तर किलोच्या माणसाचे कमरेवरील वजन साधारण निम्मे, म्हणजे ३५ किलो धरू. फळी ३० अंश कलवली तर उताराच्या दिशेने त्याच्या निम्मेच, सतरा-अठरा किलो, ओढ मिळते. त्यातीलही बरीचशी पाठ व फळी यांच्या घर्षणात जाते. साठ अंशांना ती ३० किलोपर्यंत जाते. म्हणजे थोड्या कलाला ताण नाममात्र, आणि खरा ताण हवा असेल तर बरेच उलटे व्हावे लागते. धोकाही तिथेच सुरू होतो.

ताण बसतो हे खरे. पण दुखणे बरे होते का? इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे चकती सरकून पायात कळ जाणाऱ्या व शस्त्रक्रियेच्या यादीत असलेल्या रुग्णांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. उलटे टेबल वापरणाऱ्या गटात सुमारे ७७ टक्के, तर दुसऱ्या गटात २२ टक्के रुग्णांची शस्त्रक्रिया टळली. आकडे आकर्षक आहेत. परंतु रुग्ण होते दोन डझनांच्या आसपास. एका हंगामात, एका ठिकाणी, चार वाफ्यांवर घेतलेल्या प्रयोगावरून आम्ही वाणाची शिफारस करीत नाही. येथेही तोच न्याय लावावा. शिवाय ही चाचणी शीर दबलेल्या रुग्णांवर, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झाली. आपली नेहमीची कंबरदुखी बहुधा स्नायू व सांध्यांची असते. अशा जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत कण्याला ताण देण्याचे उपचार आणि कमरेचे पट्टे या दोहोंची शिफारस नाही; व्यायाम व रुग्णाचे प्रशिक्षण यांची मात्र आहे.

मला स्वतःला एक साधा प्रश्न पडतो. रात्री सहा-सात तास आडवे पडल्याने चकतीवरील दाब कमी होतच असतो. मग पाच मिनिटे उलटे लटकून उठल्यावर, उभे राहताच तेच वजन पुन्हा त्याच चकतीवर येणार नाही का? अंतराळवीरांच्या कण्यावर तर वजनच नसते, त्यांची उंची वाढते, तरी तेथे गेल्यावर अनेकांची कंबर दुखते. तेव्हा चकती जितकी मोकळी तितके बरे, असे सरळ गणित नाही. लटकल्यावर काही वेळ आराम वाटतो हे मात्र मी नाकारणार नाही. स्नायू सैल होतात.

आता धोका. उलटे झाल्यावर डोक्याकडे रक्त उतरते, रक्तदाब वाढतो आणि डोळ्यातील दाब दुपटीपर्यंत किंवा त्याहूनही जास्त जातो. म्हणून उच्च रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा विकार असणाऱ्यांनी, पूर्वी अर्धांगवायूचा झटका आलेल्यांनी, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, हाडे ठिसूळ झालेल्यांनी व गरोदर स्त्रियांनी या टेबलाच्या वाटेस जाऊ नये. गावात काचबिंदू किंवा रक्तदाब कित्येकांना आहे आणि त्यांना तो ठाऊक नाही, हे विसरू नये. वरील बागायतदारांना माझे उत्तर म्हणूनच 'नको' असे होते. ज्यांना डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली आहे त्यांनीही प्रथम वीस-तीस अंशांपुढे जाऊ नये, एक-दोन मिनिटांवर थांबावे, सावकाश सरळ व्हावे आणि जवळ दुसरे माणूस असल्याशिवाय वापरू नये. घोट्याची पकड सुटून माणूस मानेवर पडू शकतो. शीर्षासन म्हणजे तेच, असा एक समज आढळतो; तो चुकीचा आहे. शीर्षासनात कणा ताणला जात नाही, उलट शरीराचा भार मानेवर येतो.

बिनखर्चाचा उपाय हवा असेल तर जमिनीवर सतरंजी टाकून उताणे झोपावे आणि दोन्ही पोटऱ्या बाजेवर किंवा खुर्चीवर ठेवाव्यात, म्हणजे गुडघे काटकोनात येतील. दहा-पंधरा मिनिटांत कंबर सैलावते. मला याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला. मात्र कंबर धरली म्हणून आठ-आठ दिवस अंथरुणावर पडून राहणे हितावह नाही. फिनलंडमध्ये १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, झेपेल तेवढी नेहमीची कामे चालू ठेवणारे रुग्ण अंथरुणावर विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा लवकर बरे झाले.

तथापि दुखण्याचे मूळ जर आपल्या कामाच्या पद्धतीत असेल, तर संध्याकाळच्या उपायाने ते किती काळ थोपणार? पहारीने दगड उचकटताना टेकू दगडाजवळ ठेवला की थोड्या जोरात मोठा धोंडा हलतो. कमरेत नेमके उलटे घडते. पाठीचे स्नायू कण्याच्या मागे जेमतेम पाच सेंटिमीटरवर ओढतात आणि ओझे असते पुढे. वीस किलोचे घमेले कण्यापासून ४० सेंटिमीटर पुढे धरले तर ते तोलण्यासाठी स्नायूंना आठपट, म्हणजे १६० किलोइतका जोर लावावा लागतो. हा सर्व जोर चकतीवर पडतो. तेच घमेले पोटाशी, २० सेंटिमीटरवर आणले की हा जोर निम्म्यावर येतो. म्हणून गुडघ्यात वाकावे, ओझे अंगालगत घ्यावे आणि उचलताना कमरेत पीळ देऊ नये. वळायचे तर पाय वळवावेत. युरियाची गोणी २०१८ पासून ५० ऐवजी ४५ किलोची झाली असली तरी एकट्याने उचलण्यास ती जडच आहे. ती दोघांनी उचलावी किंवा ढकलगाडीवर न्यावी. पाठीवरचा सोळा लिटरचा पंप भरल्यावर वीस किलोच्या आसपास जातो. तो जमिनीवरून झटक्यात पाठीवर न घेता बांधावर किंवा ओट्यावर ठेवून पट्टे खांद्यात घालावेत.

पहाटेची एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. उठल्यावर पहिला तासभर चकत्या पाण्याने टम्म असतात आणि त्या वेळी वाकण्याचा ताण त्यांना जास्त बसतो. आपण नेमके तेव्हाच गोठा झाडतो, शेणाच्या पाट्या उचलतो. धार काढणे थांबत नाही. पण पाट्या उचलण्याचे काम तासभर पुढे ढकलण्यास काय हरकत आहे? धारेला बसताना खाली वीतभर उंचीचा पाट घ्यावा.

खुरपणीचा भार बहुतेक घरांत स्त्रियांवर असतो आणि त्यांच्या कंबरदुखीसाठी टेबल घेण्याचा विचार मात्र कोणी केल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. ओळीत पेरलेल्या पिकात पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सायकल कोळपे फिरवले तर उभ्यानेच काम होते आणि खुरप्याला फक्त ओळीतील तण राहते. कोळप्याचा दांडा चालवणाऱ्याच्या कमरेच्या थोडा वर येईल असा लावून घ्यावा. पुरुषाच्या उंचीला लावलेला दांडा तसाच स्त्रीच्या हाती देऊ नये. खुरपणी करावीच लागली तर अर्ध्या-पाऊण तासाने उभे राहून, कमरेवर हात ठेवून चार-पाच वेळा मागे झुकावे. मुकादमाला हा वेळेचा अपव्यय वाटेल, पण दिवसाअखेर काम फारसे कमी भरत नाही, असे आमच्या प्लॉटवर तरी दिसले.

बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत ओसरते. मात्र ताप, वजन घटणे, रात्री पडून राहिल्यावरही ठणका अशी लक्षणे असल्यास मणक्याच्या क्षयाची तपासणी करून घ्यावी. आपल्याकडे तो दुर्मीळ नाही. आणि लघवी अडणे किंवा नकळत होणे, बैठकीचा भाग बधिर होणे, पाऊल लुळे पडणे यांपैकी काहीही झाले तर टेबल, तेल, चोळणे यांत एक तासही घालवू नये. रात्र असली तरी गाडी करून जिल्हा रुग्णालय गाठावे.