हिवरा आश्रम: ट्रॅक्टरवरून वाढली जाणारी पंगत

आज मित्रांसोबतचा एक वेगळा वीकेंड. मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमला शुकदास महाराजांनी उभा केलेला विवेकानंद आश्रम आहे. इथला विवेकानंद जन्मोत्सव तिथीनुसार असतो, १२ जानेवारीला नाही. म्हणून निघण्याआधी कॅलेंडरवर तिथी बघा.

समारोपाला महाप्रसाद: पुरी आणि वांग्याची भाजी. माणसं लाखांत, मग बादलीने किती वाढणार? म्हणून पंगतीच्या ओळींमधून ट्रॅक्टर फिरतात आणि ट्रॉलीतून स्वयंसेवक वाढत जातात. आपल्याच ग्रुपला चिकटून बसू नका. शेजारच्या काकांशी बोला. आणि हो, संपेल तेवढंच घ्या.

दुसऱ्या दिवशी लोणार! उल्केच्या आघाताने बनलेलं, साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. पुऱ्या तिथे चालून जिरवा.