मोठ्या शिंगांची रानमेंढी आणि पाळीव कळप

अमेरिकेत शिक्षण-नोकरीसाठी गेलेली मुले सुट्टीत रॉकी पर्वत पाहावयास जातात आणि कानामागून वळून गालापर्यंत आलेल्या जाडजूड शिंगांच्या मेंढ्याचे छायाचित्र घरी पाठवितात. मेंढपाळाच्या घरात ते पोचले की पहिला प्रश्न ठरलेला : याचे वजन किती भरेल?

या जातीस तिकडे बिगहॉर्न, म्हणजे मोठ्या शिंगांची मेंढी म्हणतात. पश्चिम कॅनडापासून मेक्सिकोपर्यंतच्या डोंगराळ व वाळवंटी प्रदेशात ती आढळते. उत्तरेकडील पूर्ण वाढीचा नर १३० किलोपर्यंत भरतो. आपल्या दख्खनी नराच्या तिपटीहून जास्त. त्यात शिंगांचेच वजन १४ किलोपर्यंत असू शकते. शिंगे गळत नाहीत व त्यांवरील वलयांवरून वय सांगता येते. मादीची शिंगे आखूड असतात. अंगावर कापण्याजोगी लोकर नसते, राठ तपकिरी केस असतात. गाभणकाळ सुमारे १७५ दिवसांचा, म्हणजे आपल्या मेंढीपेक्षा तीन-साडेतीन आठवडे अधिक, आणि कोकरू बहुधा एकच.

कडा हेच या मेंढीचे कुंपण. कड्यालगतच्या उघड्या गवतात चरावयाचे आणि प्यूमा किंवा लांडगा दिसताच कड्यावर चढावयाचे, अशी तिची रीत आहे. खुराची कड टणक व तळ मऊ असल्याने निसरड्या खडकावरही पाय धरतो. तिची भिस्त नजरेवर असते, म्हणून दाट झाडीत ती सहसा शिरत नाही. वणवे विझविल्यामुळे जेथे झाडी वाढली, तेथे तिची चराई कमी झाली. उन्हाळी व हिवाळी चराईच्या वाटा कोकरे मोठ्यांच्या मागे फिरून शिकतात. दुसरीकडून आणून सोडलेल्या कळपांना नव्या मुलखातील वाटा शिकण्यास कित्येक दशके लागतात, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या आपल्या मेंढपाळांना यात नवल वाटणार नाही.

मुलांना एक मात्र कळवावे. यलोस्टोन उद्यानात या मेंढ्यांपासून किमान २३ मीटर दूर राहण्याचा नियम आहे. मेंढी चरणे थांबवून मान वर करून पाहू लागली, तर अंतर आधीच कमी झाले आहे असे समजावे. खाऊ वा मीठ मुळीच देऊ नये. रस्त्यावर टाकलेले मीठ चाटण्यासाठी या मेंढ्या आधीच डांबरी सडकेवर येतात व वाहनांखाली सापडतात.

परंतु माणसाच्या भेटीपेक्षा तिला महाग पडते ती पाळीव मेंढीची भेट. पाळीव मेंढ्या-शेळ्यांच्या श्वासमार्गात मायकोप्लाझ्मा ओव्हिन्यूमोनी नावाचा जंतू पुष्कळदा असतो. त्यांना त्याने थोडा खोकला होतो किंवा काहीच होत नाही. रानमेंढीत मात्र हा जंतू श्वासनलिकेतील घाण बाहेर ढकलणारी सूक्ष्म लव निकामी करतो. मग पाश्चुरेला कुळातले जंतू फुफ्फुसात उतरतात. (आपल्याकडील घटसर्पाचा जंतू याच कुळातला.) फुफ्फुसदाहाने मोठी जनावरे मरतात, आणि वाचलेल्या माद्यांची कोकरे पुढे कित्येक वर्षे तीन महिन्यांची होण्याच्या आतच दगावतात. १९९५-९६ च्या हिवाळ्यात आयडाहो, ऑरेगॉन व वॉशिंग्टन राज्यांच्या सीमेवरील हेल्स कॅनियन भागात सुमारे ३०० रानमेंढ्या अशा मेल्या.

भेट घडते ती बहुधा नरामुळे. माजाच्या हंगामात तरणा नर मैलोगणती भटकतो, पाळीव माद्यांच्या कळपात शिरतो आणि जंतू घेऊन आपल्या कड्यावर परततो. खात्रीशीर लस उपलब्ध नाही. तेव्हा दोन्ही कळप दूर ठेवणे एवढाच उपाय उरतो. आयडाहोमधील पेएट राष्ट्रीय वनात २०१० साली पाळीव मेंढ्यांचे चराई क्षेत्र सुमारे ७० टक्के कमी करण्याचा निर्णय झाला व २०१६ साली अपील न्यायालयाने तो कायम केला. तेथील मेंढपाळांचे यात मोठे नुकसान झाले. ज्याच्या वाड्यात एकही मेंढी आजारी दिसत नाही, त्याने कुरण सोडावयाचे, हे पटणे कठीणच. पण जंतू निरोगी दिसणाऱ्या मेंढीतूनच जातो, आणि रानमेंढीला त्या कड्यांवाचून दुसरी जागा नाही. आमच्या मते निर्णय योग्य होता. त्याचा भार मात्र एकट्या मेंढपाळावर पडावयास नको होता.

अलीकडे रानकळपातील प्रत्येक जनावराच्या नाकातील स्राव पुन्हा पुन्हा तपासून सतत जंतू सोडणाऱ्या मोजक्या माद्या शोधतात व काढून टाकतात. हेल्स कॅनियनच्या काही कळपांत असे केल्यावर कोकरे पुन्हा जगू लागली.

महाराष्ट्रात रानमेंढी नाही, परंतु रोग पाळीव जनावरांतून रानात जाण्याची वाट येथेही उघडी आहे. आपल्या परिचयाचा पीपीआर रोग २०१६-१७ मध्ये मंगोलियातील पाळीव शेळ्या-मेंढ्यांतून सायगा या रानटी कुरंगांत शिरला व हजारो जनावरे मेली. आपल्याकडे माळरानावर काळवीट व चिंकारा याच गवतावर चरतात. म्हणून बाजारातून आणलेला मेंढा किंवा बोकड धडधाकट दिसला तरी किमान तीन आठवडे वेगळा बांधावा, त्याचे दावणीचे पाणीही वेगळे ठेवावे. पीपीआरची लस चार महिन्यांवरील सर्व जनावरांस टोचून घ्यावी. नाकातून घट्ट शेंबूड, ताप, धाप किंवा हगवण दिसल्यास ते जनावर कळपासोबत चरावयास न सोडता लगेच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. मेलेले जनावर माळावर उघडे न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे.