एका गुणाने बोनस हुकला! गेमचा ‘स्कोअर’ ठरतो तरी कसा?

१०० पैकी ८५ गुण पडले असते तर बोनस मिळाला असता. पडले ८४. अमेरिकेतल्या ऑब्सिडियन कंपनीच्या ‘फॉलआउट: न्यू वेगास’ या २०१० सालच्या व्हिडिओ गेमची ही गोष्ट. बेथेस्डा कंपनीसाठी हा गेम तयार केला होता. ‘मेटाक्रिटिक’वर ८५ आले तरच बोनस, असं ठरलं होतं. ऑब्सिडियनमधल्याच ख्रिस ॲव्हेलोन यांनी २०१२ मध्ये हे जाहीर केलं आणि मोठी चर्चा झाली.

स्कोअर कसा काढतात?

मेटाक्रिटिक ही २००१ पासूनची वेबसाईट स्वतः गेम तपासत नाही. वेगवेगळे समीक्षक गेम खेळून जे गुण देतात, ते ती गोळा करते. कोणी ५ पैकी ४ स्टार दिले, तर ते ८० धरतात. मग सरासरी काढतात. पण ही सरळ सरासरी नाही. काहींच्या मताला जादा वजन असतं आणि ते कोणाला किती, हे सांगितलं जात नाही.

सरासरीत काय दडतं?

डेअरीत गाईचं आणि म्हशीचं दूध एकाच कॅनमध्ये ओतलं, की फॅट एकच लागते. कोणाचं दूध कसं होतं, ते कळत नाही. गेमचंही तसंच. सगळ्यांनी ७० दिले तरी सरासरी ७०, आणि निम्म्यांनी ९५ व निम्म्यांनी ४५ दिले तरी ७० च!

‘सायबरपंक २०७७’चं काय झालं?

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीचा हा गेम डिसेंबर २०२० मध्ये आला. त्याआधी समीक्षकांना फक्त कॉम्प्युटरवरचा गेम दिला होता. स्कोअर ९० च्या आसपास गेला. लोकांनी तोच गेम प्लेस्टेशन ४ वर लावला, तर तो अडकायचा, मध्येच बंद पडायचा. शेवटी सोनीने तो आपल्या ऑनलाईन स्टोअरवरून काढला आणि पैसे परत देऊ केले. स्कोअर खोटा नव्हता, पण तो दुसऱ्याच मशीनवरचा होता.

मग बघायचं काय?

किती समीक्षकांनी गुण दिले, कोणत्या मशीनवर खेळून दिले आणि सर्वात कमी गुण देणाऱ्याने कारण काय सांगितलं, हे आधी बघा. प्ले स्टोअरवरचे स्टार तर समीक्षकांचे नसून वापरणाऱ्यांचे असतात. पोराने गेमसाठी पैसे मागितले, तर नुसता आकडा बघू नका. एक स्टार देणाऱ्यांचं म्हणणंही वाचा. तुमच्यासारख्याच मोबाईलवर गेम अडकतो अशी तक्रार दिसली, तर पैसे भरायची घाई नको.